गुण आला, पण कोणाच्या तुलनेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की गोव्यात डेंग्यूच्या बातम्यांबरोबर आणखी एक गोष्ट हमखास येते. पपईच्या पानांचा रस, अमुक गोळी, तमुक काढा यांनी ‘प्लेटलेट चोवीस तासांत वाढल्या’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो, पंचायतीच्या आरोग्य शिबिरात ऐकू येतो आणि अधूनमधून वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवणीतही जागा मिळवतो. सांगणारे बहुधा खोटे बोलत नसतात. त्यांनी औषध दिलेले असते, प्लेटलेट वाढलेल्या असतात, रुग्ण हसत घरी गेलेला असतो. तरीही त्यावरून औषधाने काम केले असा निष्कर्ष निघत नाही. तो का निघत नाही आणि निघावा यासाठी काय करावे लागते, हे आकड्यांसह मांडावे म्हणून हे पत्र. औषधांच्या चाचण्यांचे नियोजन आणि त्यांच्या नोंदी हे आमचे रोजचे काम आहे. या विषयावर छापून येणारा मजकूर वाचून मनापासून काळजी वाटते.

डेंग्यूत प्लेटलेट साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरू लागतात, पाचव्या-सहाव्या दिवशी तळाला जातात आणि आठव्या-नवव्या दिवसापर्यंत बहुतेकांच्या आपोआप चढतात. घरचे लोक हवालदिल कधी होतात? रिपोर्टमधला आकडा तीस हजारांवर आला की, म्हणजे नेमका तळ गाठला असताना. रस सुरू होतो तो त्याच दिवशी. त्यानंतर आकडा बहुतेक वेळा वरच जाणार असतो. समजा, एखाद्या डॉक्टरांनी पाचव्या दिवशी पन्नास रुग्णांना रस दिला आणि अठ्ठेचाळीस जणांच्या प्लेटलेट तीन दिवसांत दुप्पट झाल्या. रस न देता त्याच पन्नासांपैकी किती जणांच्या दुप्पट झाल्या असत्या? हे माहीत नसेल तर अठ्ठेचाळीस या आकड्यातून काहीच कळत नाही.

शिवाय त्या पन्नासांत कोण मोजले गेले, हेही पाहावे लागते. प्रकृती बिघडलेला रुग्ण बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) हलवला जातो आणि खालच्या दवाखान्याच्या वहीत तो फक्त ‘पुन्हा आला नाही’ एवढाच उरतो. म्हणजे अपयश दुसऱ्या इस्पितळाच्या कागदांवर जाते आणि यश तेवढे इथे शिल्लक राहते. मोजणीतही फसगत आहे. रक्त गोठू नये म्हणून ते ज्या नळीत घेतात तिच्यात ईडीटीए हे रसायन असते. त्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही. आकडा खोटाच कमी येतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबने काच तयार करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की तो एकदम ‘सुधारतो’. मधल्या रात्री काढा घेतला असेल तर श्रेय काढ्याला जाते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्लेटलेटचा आकडा हे डेंग्यूतले खरे संकटच नव्हे. रुग्ण दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्याने. रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो. म्हणून पोटात सतत दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, गळून जाणे, हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे आणि हिमॅटोक्रिटचा (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा) चढता आकडा यांवर नजर ठेवून सलाइन मोजून देणे हा उपचाराचा गाभा आहे. प्लेटलेट चढवल्या तर फायदा तरी होतो का, याची रीतसर चाचणी सिंगापूर आणि मलेशियात झाली आणि २०१७ साली प्रसिद्ध झाली. वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला प्लेटलेट चढवल्या, दुसऱ्याला नेहमीची काळजी तेवढी दिली. रक्तस्राव झाला पहिल्या गटात २१ टक्के आणि दुसऱ्यात २६ टक्के जणांना. हा फरक योगायोगाने पडू शकतो एवढाच होता. दुष्परिणामांच्या घटना मात्र पहिल्या गटात १३ आणि दुसऱ्यात २ होत्या. प्लेटलेटच्या पिशवीसाठी रात्री रक्तदाते शोधत धावणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना हे कोणी सांगितलेले नसते. (रक्तस्राव सुरू झालेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर सांगतील तेच करावे.)

पपईच्या पानांवर चाचण्या झालेल्या नाहीत असे नाही. झाल्या आहेत. पण त्यांतल्या बऱ्याच लहान होत्या, कोणाला रस मिळतो हे सगळ्यांना माहीत होते, आणि मोजला तो प्लेटलेटचाच आकडा. रिपोर्ट सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात याचे सर्वांत कठोर उदाहरण हृदयरोगातले आहे. झटका येऊन गेलेल्यांचे ठोके अनियमित पडत असतील तर मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून ठोके नियमित करणारी फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधे डॉक्टर १९८०च्या दशकात विश्वासाने देत होते. ईसीजी खरोखरच सुधारत होता. अमेरिकेत कास्ट नावाची चाचणी झाली तेव्हा औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मरण पावले आणि दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. तुलनेचा गट नसता तर ते ६३ मृत्यू ‘आजारच गंभीर होता’ या खात्यावर जमा झाले असते, आणि गोळ्या चालूच राहिल्या असत्या.

अशी तुलना करणे गोव्याला नवे नाही, हे आपल्याच वाचकांना फार कमी माहीत आहे. ‘संगात’ ही मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातली संस्था १९९६ पासून गोव्यात काम करते. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्याच दवाखान्यांत ‘मानस’ नावाची चाचणी केली आणि ती २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने घेतले. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी नैराश्य-चिंतेच्या रुग्णांसाठी प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशक नेमल्या, आणि निम्म्या ठिकाणी नेहमीचा उपचार ठेवला. कोणत्या ठिकाणी काय, हे चिठ्ठीने ठरले. सहा महिन्यांनी समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत निश्चित निदान झालेले ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि समुपदेशक असलेल्या खाजगी दवाखान्यांत ६४.१ टक्के. इथेच थांबलो तर योजना दोन्हीकडे सारखीच यशस्वी ठरते. पण तुलनेचे गट पाहा. समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत बरे झाले होते ४२.५ टक्के, तर समुपदेशक नसलेल्या खाजगी दवाखान्यांत ६५.९ टक्के. म्हणजे सरकारी केंद्रांत योजनेने मोठा फरक पडला आणि खाजगीत अजिबात नाही. उपचार घेतलेल्यांचे आकडे जवळजवळ सारखे असताना निष्कर्ष मात्र उलटसुलट. पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, हे सरकारला सांगणारी माहिती त्या तुलनेच्या गटातच होती.

पुढे २०१३ ते २०१५ या काळात इथल्याच दहा आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर समुपदेशनाची चाचणी झाली. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले होते ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के. दारूचे व्यसन जडू लागलेल्या पुरुषांवरील जोडचाचणीत आधीचे १४ दिवस दारूला न शिवलेले ४२ टक्के निघाले, तुलनेच्या गटात १८ टक्के. पण जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे छापले. नको असलेला आकडाही झाकून न ठेवणे, ही चांगल्या चाचणीची खूण आम्ही मानतो.

आता चिठ्ठीबद्दल. ‘सोमवारी आलेल्यांना औषध, मंगळवारी आलेल्यांना नाही’ किंवा ‘सम क्रमांकाच्या खाटांना औषध’ अशी वाटणी वरवर निष्पक्ष वाटते. ती नसते. पुढच्या रुग्णाला काय मिळणार हे डॉक्टरांना आधीच कळते. मग अशक्त रुग्णाला ‘उद्या या’ म्हणण्याचा मोह होतो, तोही रुग्णाच्या भल्यासाठीच, आणि दोन गट सारखे उरत नाहीत. म्हणून यादी संगणकावर तयार करायची, ती रुग्णाला कधीच न भेटणाऱ्या माणसाने करायची आणि रुग्णाची संमती घेऊन नाव नोंदवून झाल्यावरच त्याचा गट उघड करायचा. फोनवरून किंवा संगणकावरून गट कळवणे सर्वांत सुरक्षित. ते जमत नसेल तिथे क्रमांक घातलेली जाड, अपारदर्शक पाकिटे वापरतात. साधे पांढरे पाकीट दिव्यासमोर धरले की आतली अक्षरे दिसतात, त्यामुळे आत फॉइलचा तुकडा घालतात. कार्बनचा कागदही घालतात, म्हणजे पाकीट उघडण्यापूर्वी वर लिहिलेले रुग्णाचे नाव, तारीख आणि वेळ आतल्या चिठ्ठीवर उमटते. मागाहून पाकिटांची अदलाबदल केली तर ती पकडता येते. उरलेली पाकिटेही मोजून परत घ्यायची असतात.

गटांची संख्या सारखी राहावी म्हणून चार-चारच्या तुकड्या करतात, प्रत्येक तुकडीत दोन औषधाचे आणि दोन तुलनेचे. पण तुकडी नेहमी चारचीच आहे हे वॉर्डात कळले आणि कोणाला काय मिळाले हे दिसत असले, तर तुकडीतल्या चौथ्या रुग्णाचा गट आधीच ओळखता येतो. म्हणून चार आणि सहाच्या तुकड्या मिसळतात. आणखी एक साधी चूक वारंवार होते. पाकिटांचे कपाट दिवसपाळीच्या डॉक्टरांच्या कुलपात राहते. रात्री आलेले रुग्ण, जे बहुधा जास्त आजारी असतात, चाचणीत येतच नाहीत. गट एकमेकांशी सारखे राहतात हे खरे, पण निष्कर्ष फक्त दिवसा चालत येणाऱ्या रुग्णांपुरता उरतो.

प्लासिबो, म्हणजे दिसायला औषधासारखी पण औषध नसलेली गोळी, म्हटले की ‘रुग्णांना फसवून साखरेच्या गोळ्या दिल्या’ अशी समजूत आहे. डेंग्यूच्या चाचणीत दोन्ही गटांना सलाइन, ताप उतरवण्याची पॅरासिटामॉल, दिवसातून ठरल्या वेळी तपासणी हे सगळे मिळालेच पाहिजे. फरक असतो तो त्यावरच्या एका जादा कॅप्सूलचा, आणि आपल्याला यातले काहीही मिळू शकते हे रुग्णाला आधी सांगितलेले असते. कॅप्सूल रंगाने, वासाने, वजनाने तंतोतंत सारखी करणे हे कष्टाचे काम. कडू रस पातळ स्वरूपात दिला तर पहिल्याच घोटाला रुग्णाला गट कळतो, नर्सलाही कळतो. मग ‘औषध मिळालेल्या’ रुग्णाला एक दिवस आधी डिस्चार्ज मिळतो आणि इस्पितळातले दिवस कमी झाल्याची बातमी होते. त्यामुळे मोजणाऱ्याला तरी गट कळता कामा नये, एवढा आग्रह धरावाच लागतो.

किती रुग्ण लागतील हे आधी काढावे लागते आणि इथे बहुतेक हौशी अभ्यास कोसळतात. समजा, नेहमीच्या उपचारात १०० पैकी २० जणांची प्रकृती गंभीर वळण घेते आणि औषधाने ते प्रमाण १० वर येईल अशी आशा आहे. रूढ निकषांनुसार, म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के ठेवून, प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. पण औषधाने २० चे १५ एवढेच होणार असेल तर प्रत्येक गटात सुमारे ९०५ लागतात. दहातला एक रुग्ण मध्येच गळतो असे धरले तर एकूण दोन हजार. फरक निम्मा झाला आणि रुग्ण चौपटीहून जास्त लागले. चाळीस रुग्णांवरचा अभ्यास ‘सिद्ध झाले’ म्हणतो तेव्हा हे गणित आठवावे. गोव्यासारख्या लहान राज्यात एका इस्पितळाला हे जमणार नाही, सगळ्यांनी मिळूनच करावे लागेल.

रुग्ण भरती करून झाल्यावरही चुकायला पुष्कळ जागा आहे. सर्वांत मोठी चूक म्हणजे औषध मध्येच सोडलेल्यांना हिशेबातून वगळणे. वरवर ते रास्त वाटते. ज्यांनी औषध घेतलेच नाही त्यांना का मोजायचे? याचे उत्तर हृदयरुग्णांवरील अमेरिकेतील कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या चाचणीने १९८० साली दिले. प्लासिबो गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के मरण पावले, आणि त्याच प्लासिबो गोळ्या अनियमित घेणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के. गोळीत औषध नव्हतेच. नेमाने गोळी घेणारी माणसे आधीपासूनच वेगळी होती, इतकेच. म्हणून ज्याला जो गट चिठ्ठीने मिळाला, तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा, त्याने कॅप्सूल गिळली असो वा नसो.

दुसरी चूक म्हणजे निकाल मधूनमधून उघडून पाहणे आणि मनासारखा आला की थांबणे. औषधात काहीच दम नसेल तरी एकदा पाहिल्यास खोटा विजय दिसण्याची शक्यता ५ टक्के धरलेली असते. पाच वेळा पाहिले तर ती सुमारे १४ टक्क्यांवर जाते. मध्येच पाहण्याचे काम चाचणीबाहेरच्या सुरक्षा मंडळाकडे असावे आणि थांबण्याचे निकष आधी लिहिलेले असावेत.

तिसरी चूक म्हणजे निकाल हवा तसा न लागल्यावर लहान-लहान उपगटांत यश शोधणे. हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवरच्या आयसिस-२ या चाचणीत (१९८८) अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदयविकार-पक्षाघाताचे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ वर आणले. उपगटांचा नाद किती घातक आहे हे दाखवण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम जन्मतारखेच्या राशीप्रमाणे वाटणी केली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा अपाय होतो असे आकडे निघाले. तेव्हा ‘चाळिशीवरच्या मधुमेही महिलांमध्ये विशेष परिणाम’ अशी बातमी आली, तर तो उपगट चाचणी सुरू होण्याआधी ठरवला होता का, हे विचारायलाच हवे.

‘साथीच्या धामधुमीत चाचण्या कोण करत बसणार?’ हा प्रश्न विचारला जातो, म्हणून मे २०२१ आठवावा लागतो. गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना कोविड प्रतिबंधासाठी पाच दिवस १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध देण्याची घोषणा केली. कोविडच्या उपचारासाठी हे औषध फक्त चाचण्यांमध्येच वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधी मार्चअखेरीस सांगितले होते. त्या दिवसांत गोव्याची अवस्था भीषण होती आणि काहीतरी करावे ही तळमळ खरी होती, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण सगळ्यांनाच द्यायचे ठरले की तुलनेला कोणीच उरत नाही. त्यामुळे प्रतिबंध झाला की नाही, याचे उत्तर त्या योजनेतून मिळणे शक्यच नव्हते. उपचार म्हणून आयव्हरमेक्टिनची रीतसर चाचणी ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर झाली. इस्पितळात दाखल होण्याची किंवा तातडीच्या विभागात सहा तासांहून जास्त राहण्याची वेळ आली ती औषधाच्या गटात १४.७ टक्के आणि प्लासिबोच्या गटात १६.३ टक्के रुग्णांवर. ठोस फायदा दिसला नाही.

त्याच साथीत ब्रिटनने काय केले पाहा. रिकव्हरी चाचणीत पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये दाखल झाला आणि १६ जूनला डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर झाला. शंभर दिवससुद्धा लागले नाहीत. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, असे हे जुने आणि स्वस्त स्टिरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही. तिथे मृत्यूंचे प्रमाण औषधाच्या गटात १७.८ आणि तुलनेच्या गटात १४.० टक्के होते. ही वाटणी मागाहून शोधलेली नव्हती, आधीच ठरलेली होती. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी घरीच स्टिरॉइड घेणारे कमी नव्हते. चाचणीने औषध कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये हे दोन्ही सांगितले होते. आपण त्यातले अर्धेच ऐकले.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. यापुढे राज्य सरकारला एखादे औषध, पूरक आहार किंवा तपासणी मोठ्या प्रमाणावर सुरू करायची असेल आणि तिच्या उपयोगाबद्दल खात्री नसेल, तर ती सगळीकडे एकाच दिवशी सुरू करू नये. समजा २४ आरोग्य केंद्रे आहेत. दर महिन्याला सहा केंद्रांत सुरू करायची आणि कोणती सहा आधी, हे लोकांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चार महिन्यांत योजना सर्वांपर्यंत पोहोचते. एरवीही साठा आणि माणसे यांच्या अडचणीमुळे तेवढा वेळ लागतोच. ज्या केंद्रांची पाळी नंतर येते ती तोवर तुलनेचा गट होतात. नाही तरी आधी कोणाचा मतदारसंघ यावरून कुरबुर होतेच, चिठ्ठीने तीही मिटेल.

यात दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. डेंग्यूसारखा आजार महिन्यागणिक वाढतो-घटतो, म्हणून योजनेआधीचा जून आणि नंतरचा नोव्हेंबर यांची तुलना करायची नाही. त्याच महिन्यात योजना असलेली आणि नसलेली केंद्रे शेजारी ठेवायची. दुसरी गोष्ट, एका केंद्राचे रुग्ण एकमेकांसारखे असतात. तोच डॉक्टर, तेच पाणी, तेच डास. प्रत्येक केंद्रात १०० रुग्ण असतील आणि त्यांच्यातले साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण सारखे) अगदी ०.०२ इतकेच असले तरी लागणारी रुग्णसंख्या जवळजवळ तिप्पट होते. केंद्रे वाढवल्याने प्रश्न सुटतो, एकाच केंद्रात रुग्ण वाढवल्याने फारसा सुटत नाही.

कायद्याची चौकट तयार आहे. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांप्रमाणे चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत, आणि त्यांत एक सामान्य नागरिक, एक महिला आणि एक कायद्याचा जाणकार असावाच लागतो. ज्या इस्पितळाला स्वतःची समिती नाही ते त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या परिघातील दुसऱ्या ठिकाणच्या समितीकडे जाऊ शकते. बांबोळीपासून मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को हे सगळे या परिघात बसते. गंभीर दुष्परिणाम झाला तर संशोधकाने २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि नैतिकता समिती यांना कळवायचे असते. चाचणीमुळे इजा झालेल्याला मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क आहे.

लोकांची भीतीही समजून घ्यायला हवी. २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम भागात मुलींना देण्याच्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक) लसीचा प्रकल्प थांबवावा लागला. अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. त्या प्रकल्पाला ‘प्रात्यक्षिक’ म्हटले गेले, चाचणी नव्हे, आणि त्यामुळेच चाचणीतील सहभागींना मिळणारे संरक्षण त्या मुलींच्या वाट्याला आले नाही. गोव्यात संमतिपत्र कोकणी आणि मराठीत तर हवेच, पण वास्को-झुवारीनगर भागातल्या कामगारांसाठी कन्नड आणि हिंदीतही हवे. वाचता न येणाऱ्या माणसासमोर संशोधकाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो, आणि सही झालेल्या कागदाची एक प्रत त्याच्या हाती द्यावी लागते. ‘सही करा, मग खाट मिळेल’ असे कोणी म्हणाले तर ती संमती नव्हे. नाही म्हटले तरी नेहमीचा उपचार तसाच मिळाला पाहिजे.

आयुर्वेदाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आणि शिरोड्याचे महाविद्यालय आपल्याकडे आहेत. ‘प्रत्येक प्रकृतीला वेगळे औषध, म्हणून अशी चाचणी होऊच शकत नाही’ हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. चिठ्ठीने ठरते ते फक्त रुग्ण वैद्यांकडे जाणार की नाही. वैद्यांनी पुढे प्रकृतीप्रमाणे हवे ते औषध द्यावे. कोइमतूरला संधिवाताच्या ४३ रुग्णांवर हे करून दाखवले गेले आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचे नेहमीचे अ‍ॅलोपॅथीचे औषध) आणि आयुर्वेदिक औषधांसारखे दिसणारे प्लासिबो, दुसऱ्याला खरी आयुर्वेदिक औषधे आणि मेथोट्रेक्सेटसारखी दिसणारी गोळी, तिसऱ्याला दोन्ही खरी. तिन्ही गटांत साधारण सारखी सुधारणा झाली. ४३ रुग्णांवरून बरोबरी सिद्ध होत नाही, पण अशी चाचणी करता येते हे सिद्ध झाले. पुढची मोठी चाचणी गोव्यात का होऊ नये?

शेवटी आपल्याकडे विनंती. आरोग्यविषयक दाव्याची बातमी किंवा जाहिरात छापताना दाव्यामागच्या अभ्यासात प्रत्येक गटात किती रुग्ण होते, गट कसे पाडले, काय मोजले आणि फरक शंभरात किती जणांचा पडला, एवढे दाव्याच्या शेजारी छापावे. ‘धोका ५० टक्क्यांनी घटला’ हे हजारात दोनाचे एक झाले तरी खरे असते. भारतातल्या चाचणीचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, म्हणजे चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही) नोंदणी क्रमांकही मागावा. ही नोंदणी २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून सक्तीची आहे. क्रमांकात सीटीआरआयनंतर वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असतो. संकेतस्थळावर तो टाकला की नोंद पहिल्या रुग्णाच्या आधी झाली की नंतर, हे वरच लिहिलेले दिसते. खाली मुख्य मोजमाप दिलेले असते. ते आणि प्रसिद्धिपत्रकातले मोजमाप एकच आहे का, हे ताडून पाहायला आपल्या बातमीदाराला दहा मिनिटे पुरतील. क्रमांक द्यायला कोणी तयार नसेल, तर तसे बातमीतच लिहावे.

आपले नम्र,
वैद्यकीय चाचण्यांच्या कामातील काही वाचक,
पणजी आणि फोंडा